नमुना तीस

आरटीओच्या भिंतीला लागून माझं टेबल आहे, लिंबाखाली.
वर फ्लेक्स बांधलाय मागच्या निवडणुकीतला,
उमेदवाराचं तोंड खालच्या बाजूला.
गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. त्याचा एक पाय आखूड.

तो आला तेव्हा त्याच्या हातात आल्टोची किल्ली होती,
बाकी काही नव्हतं.
गाडी घेतली, म्हणाला.
घेतली नाही, म्हणलं. अजून नुसते पैसे दिलेत.

एक लाख बारा हजार, पडेगावच्या अड्ड्यावर.
मूळ मालक अंबडचे एक खरात सर.
येमेनचा पोरगा, विद्यापीठात औषधांवर पीएचडी करतो.
हिंदी बोलतो ती आमच्या इथलीच,
‘नक्को’ म्हणायला पहिल्याच महिन्यात शिकला.

मी यादी केली. पासपोर्ट, व्हिसा,
आयुक्तालयातलं राहण्याचं नोंदपत्र,
बोनाफाईड, भाडेकरार, तोही रजिस्टर केलेला.
घरमालक म्हणे, रजिस्टर केला की घरपट्टी वाढते.
ती वाढ कोण भरणार?
तोच भरणार. लिहा खाली.

चेसिसचा छाप घ्यायला शिसपेन दिली.
बॉनेटखाली वाकून त्याने कागद पत्र्यावर धरला,
हलक्या हाताने घासत गेला.
एकेक आकडा वर आला तसा थांबला, म्हणाला,
मुलगी असंच करते. नाण्यावर कागद ठेवून.
पाच वर्षांची आहे. ताइझला.
मी फोनमध्येच पाहिलंय.

नावाचे रकाने तीन, त्याची नावं चार.
मुर्शिद, मग बाप कायद, मग आजा सैफ, मग अल-शर्जबी.
लॅपटॉपने कायदचा कायदा केला.
मी पुसायला गेले तर अर्थ विचारला.
सांगितला.
राहू द्या, म्हणाला, वडील कोर्टात शिपाई होते, खूश झाले असते.
राहू देता येत नाही हो.
एका कान्यावरून अर्ज परत येतो इथं.

मग निघाला बोजा.
आरसीवर अंबडच्या पतसंस्थेचं नाव,
सरांनी कर्ज फेडलं, पण दाखला न्यायच्या आधी
पतसंस्थाच बुडाली.
ना-हरकत आता अवसायक देणार,
तो जालन्याला बसतो मंगळवारी,
आला तर.
बँक आहे का तिथं अजून? त्याने विचारलं.
शटर आहे, म्हणलं. कुलूप आहे, वर लाखेचं सील.
मग बरंय, म्हणाला.
कुलूप आहे म्हणजे कुणाकडे तरी किल्ली आहे.
आमच्या गल्लीतल्या बँकेला आता भिंतच नाही.

तीन मंगळवार गेला. एसटीने.
गाडी दारात, धूळ खात, आणि हा
ठेपलेल्या गर्दीत उभा, छातीशी प्लास्टिकची फाईल.
पहिल्या मंगळवारी अवसायक लग्नाला.
दुसऱ्या मंगळवारी शिक्का घरी विसरला.
तिसऱ्या मंगळवारी सही झाली, पण तारीख आदल्या वर्षाची.
ती मी चालवून घेतली. कशी, ते विचारू नका.

विमा चार हजार दोनशे.
पीयूसी, फोटो, नोटरी, झेरॉक्स.
सरांना सहीसाठी अंबडहून आणायचं पेट्रोल,
आणि त्यांच्या मिसळीचे साठ.
जालन्याच्या तिकिटांचे धरायचे का?
नक्को, म्हणाला, ते आमच्याकडे असू द्या.

दीड महिन्याने आरसी आली पोस्टाने.
तो पेढे घेऊन आला, गाडीतूनच आला,
लिंबाखाली आडवी लावली, वॉचमन ओरडला.
मागच्या काचेवर अजून ते मोठं पिवळं नाव,
कु. ईश्वरी.
म्हणलं, हे काढायला कुठला फॉर्म लागत नाही,
ब्लेड आणि साबणाचं पाणी.
तो काचेकडे बघत राहिला. वाचता येत नाही त्याला.
मी वाचून दाखवलं.
सरांची मुलगी, यंदा बारावीला.

नाव तसंच आहे काचेवर.
गल्लीतली पोरं त्याला ‘ईश्वरीचे पप्पा’ म्हणतात, म्हणे,
टायरमध्ये हवा कमी आहे का बघायला धावतात.
त्याने मला ते दोनदा सांगितलं,
दोन्ही वेळा शब्द नीट सुटा सुटा करून.

माझे दीडशे बाकी आहेत अजून.
मागितले नाहीत. वहीत आहेत.