अठ्ठ्याहत्तरच्या वर

शारजात, रोल्याला, लाँड्रीच्या माथ्यावर
बावीस मॅट अंथरलेत मी.
खालून इस्त्रीची वाफ चढते, एसी हरतो.

वजनकाट्याआधी बाकीच्या पोरी
थुंकून थुंकून ग्रॅम उतरवायच्या,
मी केळं सोलत उभी.
माझ्या गटाला वरची हद्दच नव्हती :
अठ्ठ्याहत्तरच्या वर. बस्स.
जन्मात त्या एका रकान्यात
मी ऐसपैस मावले.

पदकं तीन. गुडघा एक, तोही अर्धा.
शेवटची लढत अबू धाबीत, अकरा सेकंदांची.
आई फोनवर : जेवलीस का?
म्हटलं, पडले.
म्हणाली, मग ऊठ, जेव.

आता शम्सा येते. चौदाची.
खांदे आत ओढून,
अंगाएवढी जागासुद्धा उसनी आणल्यासारखी.
अबाया खुंटीला. पट्ट्याची टोकं
गाठीला पुरत नाहीत.
मी ट्रंकेतून माझा पहिला काढते,
पिवळट पडलेला पांढरा.

पहिला धडा पडण्याचा.
हनुवटी छातीशी, तळवा सपाट, आपट!

ती पडते.
खालून रहमतुल्ला छताला काठी ठोकतो.
ती दचकते, ‘कोच, रागावला?’

नाही गं, मोजतोय.
एक झालं.