आठवा वर्ग

पुस्तकात वर्ग सातच आहेत.
योद्धा, जादूगार, चोर, पुजारी,
रानवाट्या, भाट,
आणि तो सातवा, ज्याला रूप बदलता येतं
पण कुणी घेत नाही, कारण त्याचे नियम अडीच पानं आहेत.

सडबरीत, माझ्या लाँड्रीखालच्या तळघरात
दर गुरुवारी आम्ही सातांत भागवत होतो.
वर कुणाची तरी चादर घरघरत फिरायची,
खाली फासे.

नवा वर्ग लिहिणं म्हणजे दुकानदारी.
एका हातानं द्यायचं, दुसऱ्यानं काढून घ्यायचं,
काटा मधोमध येईस्तोवर खोडरबर झिजवायचं.
तौनोला खाणकामगार हवा होता :
अंधारात हवा हुंगता येते,
उजेडात पहिला वार चुकतो.
दोन गुरुवार खेळला, मग म्हणाला,
खाली उतरायचे मी पैसे घेत असे,
आणि परत भाट झाला.
रेजांनं मागितला मेलेल्यांची नावं आठवणारा.
तिसऱ्या आठवड्यात त्याला प्रत्येक पिशाच्चाची आई ठाऊक झाली,
कुणाची तलवार उठेना.
रद्द.

डॅरिया कुझिक शाळेची बस चालवायची.
पहिल्यापासून चोर, आणि चोर म्हणून अगदी बेकार.
एकदा फासे ओंजळीत धरून बसली, टाकेचना.
म्हणाली, सोळाव्या वर्षी, उन्हाळ्याच्या सुट्टीत,
आम्ही इथल्या काळ्या खडकांवर चुना पसरला.
भट्टीच्या धुरानं भाजलेल्या टेकड्या, तुम्हाला आठवतात.
खांद्यावर पोतं, नाकावर फडकं.
सुट्टी संपली तरी बहुतेक काळंच होतं सगळं.
आता तिथं पाइन आहेत.
कुत्र्याला नेते मी.
तो वर्ग लिही.

शस्त्र?
नाही.
शक्ती?
पोतं रिकामं करते.
मग काय होतं?
काही नाही.
किती वेळ?
चाळीस वर्षं.

रेजां खुर्चीवरून उठलाच.
ड्रॅगन थांबेल चाळीस वर्षं?
हा तर खेळालाच चुना लावणं झालं!
सगळे हसले. जरा उशिरानं, डॅरियासुद्धा.

त्या रात्री वाळवणीच्या यंत्राला टेकून
चौकटीच्या कागदावर लिहीत बसलो.
पहिली पायरी : काही नाही.
दुसरी : काही नाही.
तिसरी : पावसाची चव बदलते, फक्त तिला कळतं.
किंमत काय लावावी, सुचेना.
मग दिसलं, पानभर किंमतच लिहून झाली होती,
शक्तीची जागा कोरी.
कोरीच ठेवली.

मग असं चालायचं :
जादूगार जळतोय, पुजारी बेशुद्ध,
तौनो पूल तोडायचा की नाही यावर गातोय,
आणि टेबलाच्या कोपऱ्यातून, शांतपणे,
एक पोतं.
मी नकाशाच्या कडेला एक रेघ मारायचो.
एक रेघ, एक वर्ष; हा हिशोब तिनंच ठरवला.

मार्चमध्ये ती लेकीकडे विनिपेगला गेली.
गुडघे. आणि माझ्या तळघराला एकोणीस पायऱ्या.

परवा रेजांची भाची आली, नोएमी, बारा वर्षांची.
नकाशावर बोट ठेवून म्हणाली,
या दरीत काहीच का नाही?
मी रेघा मोजल्या. एकतीस.
अजून नऊ, म्हटलं.
तिनं खांदे उडवले आणि चोर निवडला.
सगळे तिथूनच सुरू करतात.

निघताना, एक हात कोटाच्या बाहीत अडकलेला,
मागे वळून विचारते,
ती बाई नाही, तर पोतं कोण टाकतं?
मी, म्हटलं. दर गुरुवारी.
फासा लागत नाही त्याला.

थोडा वेळ बघत राहिली.
हिरवी पेन्सिल आहे?

नऊ वर्षांनी, असं स्पष्ट सांगितलं तिला,
नियम म्हणजे नियम,
आणि ड्रॉवर उघडला,
सुट्टी नाणी, तुटकी बटणं, कुणाकुणाचे विसरलेले मोजे
बाजूला सारत राहिलो.