पट्टा

त्रिमूर्ती चौकात माझं दुकान, रुंदी साडेसहा फूट.
फॉल-पिको, चेन बदलणे, पँट आखूड करून मिळेल.
तिथे मार्गशीर्षात एक मुलगा आला
आणि म्हणाला, मावशी, शेपूट शिवून द्याल का?

ओजस पगार. अकरावी सायन्स.
मोबाइलवर चित्र दाखवलं :
कोल्ह्याचं तोंड, माणसाचे खांदे, पाठीला ढाल.
केसाळ कापड शालिमारला मीटरमागे किती पडतं
ते त्याला पाठ होतं.
सगळी सोंगं आणता येतात बाबा, मी म्हटलं,
पैशाचं नाही आणता येत.
तो म्हणाला, दिवाळीला फटाके नाही घेतले.

शिवायला बसले की गिऱ्हाइकं वाकून बघायची.
हे काय, गॅदरिंगचं? नाटकाचं?
मग कशाचं?
कशाचंच नाही म्हटल्यावर
बायका ब्लाउजची पिशवी छातीशी धरायच्या,
जणू शेपूट हललं.
आईबाप नाहीत का ह्याला, गाजरेबाईंनी विचारलं.
आहेत. बाप अंबडला कंपनीत, रात्रपाळी.
एकदाच आला, मुखवटा हातात धरून उभा राहिला,
म्हणाला, ह्यातून दिसतं का हो त्याला?

मी टाचण्या ओठांत धरते. तशीच सवयीनं
ती 'सोंग' हा शब्द धरून बसले होते,
आणि तोच टोचला.

पेठकडे, आमच्या गावात,
सोंग ही शिवी नव्हती.
बोहाड्यात एकेका घराकडे एकेक सोंग,
शेताच्या बांधासारखं, भावाभावांत फूट पाडणारं.
आमच्याकडे वेताळ.
दिवसा बाप सावकाराची लाकडं फोडायचा,
रात्री संबळ घुमला की
सावकार त्याच्या पाया पडायचा,
आणि सकाळी पुन्हा दहा रुपये कमी द्यायचा.
मुखवट्याला भोकं बारीक, टेंभ्यांचा धूर,
आत अंधार.
म्हणून कमरेला पट्टा,
आणि मागून तो धरणारा एक माणूस.
एक साल काका तापानं पडला, तेव्हा मी धरला.
पोरीनं धरू नये, म्हणाले. तोवर धरला होता.

रविवारी ओजसचा फोन. शिवण उसवली.
सुई-दोरा घेऊन गंगापूर रोडला गेले.
हॉलबाहेर चाळीसेक जण :
चंदेरी केसांची मुलगी, थर्माकोलच्या तलवारी,
खोक्यांचा यंत्रमानव, त्याला बसता येत नव्हतं,
तो उभ्यानंच वडापाव खात होता.
रिक्षावाला विचारत होता, कुठल्या कंपनीची जाहिरात?
पांढऱ्या बुटांतले एक काका संस्कृतीबद्दल बोलत होते
आणि बोलता बोलता फोटो काढत होते.

हवालदार बोराडे परवानगीचा कागद
उलटा करून बघत होते.
तोंड दाखव, म्हणाले.
ओजसनं कोल्हा काढला.
खाली घामानं निथळलेली अकरावी सायन्स,
ओठांवर नुकती लव.
गर्दी जरा हिरमुसली.
कोण निघेल असं वाटलं होतं त्यांना?

मी जमिनीवर बसून टाके घालत होते.
बोराडे शेजारी उकिडवे बसले, आवाज उतरवून म्हणाले,
धुळवडीला आमच्या घरचा वीर निघतो, ताई.
बारक्याच्या अंगरख्याला जर लावायचीय.
तुम्ही करता का असलं?
हो, म्हटलं. असलंच करते.
ते उठले आणि मोठ्यानं म्हणाले,
चला चला, रस्ता मोकळा करा.
कुणाला म्हणाले, कळलं नाही.

पलीकडच्या बागेत सगळ्यांचा फोटो होता.
ओजसला धरून नेणारा मित्र आलाच नव्हता,
त्याच्या घरी कळलं होतं.
ओजसनं तोंड चढवलं
आणि दुभाजकाकडे बघत, की भलतीकडेच, उभा राहिला.
हॉर्न वाजत होते. कुणीतरी शिट्टी मारली.
शेपटीच्या वर, ढालीखाली,
मीच शिवलेला पट्टा होता, दुहेरी टाक्याचा.
मुठीत घेतला.

चल, म्हटलं.
डावीकडे खड्डा आहे.