कलम

बोर्डोचा पिंप. कळीचा चुना
पाणी पडताच खदखदला,
आणि एक थेंब, बोराएवढाही नाही,
माझ्या डाव्या डोळ्यात आला.
मणेराजुरीच्या बागेत तेव्हा छाटणी होऊन आठ दिवस झालेले.
मालक ओळीतनं फिरत मोजत होता
कुठल्या काडीचे किती डोळे फुगले.
माझा तेवढा गेला.

तीन वर्षं तो डोळा नासक्या दुधासारखा.
उजव्याच्या जिवावर विरळणी केली.
एका डोळ्याला खोली कळत नाही,
पुढचा घड, मागचा घड एकाच भिंतीवर,
कात्री मण्याऐवजी बोटाला.

मिरजेला डॉक्टर मगदूम म्हणाले,
काळ्या-पांढऱ्याच्या शिवेवर एक नर्सरी असते, बाई,
जन्मभर तिथनं रोपं निघतात,
काळ्यावर सरकतात, झिजलं ते भरतात.
तुमची नर्सरीच जळाली.
मग पांढऱ्यातलं तण बांध ओलांडून आत.
मी म्हटलं, बांधाचं सांगा,
बांधाचं मला सगळं कळतं.

उजव्या डोळ्याच्या शिवेवरनं
तिळाएवढा तुकडा घेतला. हा वाढवायचा.
कशावर? नुसत्या काचेवर वाढवला
तर उचलून लावायचा कसा?
मऊ पाहिजे, आरपार दिसणारं पाहिजे,
डोळ्यानं परकं म्हणू नये असं पाहिजे.
डॉगरिजचा खुंट पाहिजे म्हणा की, मी म्हटलं.
ते हसले. मग म्हणाले, वार.
बाळंतपणातली वार. तिच्या आतला पापुद्रा.

माझी आई सावळजला सुईण होती.
कंदील जवळ घेऊन वार नीट बघायची,
तुकडा आत राहिला नाही ना.
मग न्हाणीमागं खड्डा, वर दगड,
कुत्र्यानं उकरू नये म्हणून.
तो पापुद्रा तिनं एकदा तरी
उजेडाकडं धरून पाहिला असेल का?

तुझं नाव सांगत नाहीत.
नियम आहे. एवढंच कळलं:
सिझेरियन, रक्त तपासलेलं, कागदावर तुझी सही.
सही करताना तुला काय वाटलं असेल?
बहुतेक काहीच नाही.
कुणीतरी विचारलं, तू हो म्हणालीस,
आणि पुढची कळ आली.

चौदा दिवस त्या बशीत
माझं तुझ्यावर वाढत होतं.
लॅबमधली शाहीन नायकवडी
रोज सकाळी भिंगातनं बघून फोन करायची,
काकू, काठ पुढं सरकला.
आमच्याकडं पाण्याची पाळी विचारावी
तशी मी विचारायची, किती?
केसभर, ती म्हणायची.
केसभर म्हणजे पुष्कळ.

पंधराव्या दिवशी लावला.
टाका नाही, चिकट थेंबावर बसवला,
वर एक भिंग झाकणीसारखं.

आता बेदाण्याच्या शेडच्या हिरव्या जाळीतनं
दिसावं तसं दिसतं.
तक्त्यावरच्या दोन ओळी. तिसरीत अंदाज मारते,
शाहीनला ते कळतं, ती खोडते.
पुढचं सांगता येत नाही म्हणाले.
कलम धरतं, कधी धरत नाही,
हे मला कुणी शिकवायला नको.
पापुद्रा म्हणे कधीच विरघळून गेला.
रोपं राहिली, वाफा गेला.

परवा तपासणी करून
मिरज स्टँडवर तासगाव गाडीची वाट बघत होते.
समोर एक बाई, मांडीवर वर्षाचं पोर,
हातात भिजलेलं बिस्कीट.
मी उजवा डोळा तळव्यानं झाकला
आणि डाव्यानं एकटक बघत राहिले.
पोर धुरकट. पण पोरच.
बिस्कीट खाली पडलं तेसुद्धा दिसलं.

तिनं चटकन पदर ओढला त्याच्यावर,
दृष्ट लागेल म्हणून.

काय सांगणार?
लागलीय ती मला, बाई.
कुणाच्या तरी पोराची.
दोन्ही हात कानशिलाला नेऊन बोटं मोडली,
तिला ते वेडगळच वाटलं असणार,
तेवढ्यात गाडी लागली.
खिडकीची जागा मिळाली. डावी.
सोमवारपासून खरड छाटणी.