नऊ वाजताची गोळी

जबड्याच्या डाव्या कडेला तीन,
खांद्यावर एक, करंगळीच्या पेराएवढी.
मुरमं केव्हाच गेली. ही गाठोडी ठेवून गेली,
तांबूस, गुळगुळीत, उन्हात खाजणारी.
भुसावळचे डॉक्टर बोट फिरवून म्हणाले,
जखम भरली, पण भरायची थांबलीच नाही.

मला आमच्या केळीतली पाईपलाईन आठवली.
फुटली तेव्हा अण्णांनी खणून जोडली, वर माती लोटली.
ती जागा अजून उंच आहे.
अंधारात मोटर बंद करायला गेलं की तिथंच ठेच लागते.

मी सावद्याला आधार केंद्रावर बसते.
दिवसभर लोकांना सांगते, हनुवटी वर, इकडे बघा,
आणि स्वतः उजवा गाल पुढे करून बसते.

उपाय सांगायला पैसे पडत नाहीत.
फैजपूरच्या मावशीनं कांद्याचा रस सांगितला,
आठ दिवस माझ्या उशीला भाजीबाजाराचा वास.
होमिओपॅथीवाल्या नेहेत्यांनी साखरेच्या गोळ्या दिल्या
आणि विचारलं, स्वप्नात पाणी दिसतं का?
मे महिन्यात इथं कोणाला दिसत नाही?
सिलिकॉनची पट्टी, बावीसशे रुपये,
पंचेचाळीस डिग्रीत घामानं सुटली
नि एका आजोबांच्या रेशनकार्डाला चिकटून
विवऱ्याला गेली.
वैद्यांनी वांगं बंद केलं. तेही डिसेंबरात!
मळ्यात पऱ्हाटीच्या जाळावर वांगी भाजत होते,
मी ठेच्याशी कळण्याच्या पुऱ्या खाल्ल्या,
धुराकडे पाठ करून.

पालच्या बाजारात एक तडवी बाई
सावरीचे काटे विकायची. दुधात उगाळून लावायचे.
खोडावरचे ते काटे, बुडाशी रुंद, बोथट,
हुबेहूब माझा खांदा.
लागलं तर लागलं, ती म्हणाली,
आणि वीस रुपये मोजून घेतले.
तेवढी एकच खरं बोलली.

शेवटी रक्त तपासलं. एक हार्मोन वर, एक खाली.
एकवीस गोळ्यांची पट्टी, मागे बाण,
सोम, मंगळ, बुध.
मेडिकलवाल्या चेतननं ती पेपरात गुंडाळली,
मग माझ्याकडे बघून आणखी एकदा गुंडाळली.
माझं लग्न झालेलं नाही, हे गल्लीला पाठ आहे.

आईला ती शिवणाच्या डब्यात सापडली.
रात्रभर बोलली नाही.
सकाळी कणीक मळताना, परातीकडे बघत,
"ह्या कशाच्या गोळ्या व माय?"
तोंडाच्या, म्हटलं.
"मले येडी समजते का?"
मी भुसावळचा कागद पुढे केला.
त्यावर डॉक्टरांनी चेहरा काढलेला, जबड्याला तीन फुल्या.
तिनं चष्मा लावला, फुल्या मोजल्या,
मग माझ्या तोंडावर मोजल्या.

आणि पिठाच्या हातानं पोलक्याची बाही वर सारली.
देवीच्या टोचणीचा वण, रुपयाएवढा, फुगलेला.
लहानपणी मी त्याच्यावर अंगठा ठेवून झोपायचे.
मला वाटायचं, सगळ्या आयांना तो असतोच.
"तुह्या बापाचे लोक पाहाले आले,
तव्हा मी पदरात हात घालूनच बसली होती," ती म्हणाली.
पीठ तिथंच वाळलं.

इंजेक्शनं चार झाली. सुई आत जाताना
कच्च्या कैरीत गेल्यासारखी अडते.
जबड्यावरचा एक बसला, एकाच्या जागी खड्डा पडला,
तिसरा ढिम्म. खांद्याचं काही विचारू नका.
गोळ्यांनी सकाळी मळमळतं, वजन दोन किलो वर.

आज एका केळी कापणाऱ्याचे ठसे उठेनात.
चिकानं बोटं काळी, रेषा पुसलेल्या.
सहा वेळा मशीन म्हणालं, पुन्हा ठेवा.
मी ओल्या रुमालानं एकेक बोट पुसलं.
तो माझ्या जबड्याकडे बघत होता, मी त्याच्या बोटांकडे.
सातव्यांदा घेतलं.

रात्री नऊला आई बातम्यांचा आवाज कमी करते.
"घेतली का व?"
शेजारच्या सिंधूकाकू बसलेल्या असतात.
कशाची गोळी, त्या विचारतात.
"तोंडाची," आई म्हणते,
आणि आवाज पुन्हा वाढवते.