खुराकाची वही

त्या आठवड्यात पेपरात दोन बातम्या होत्या.
पहिल्या पानावर: उत्तरेकडचा तो अवाढव्य देश
पंधरा तुकडे होऊन पडला.
आतल्या पानावर, कुस्तीच्या रकान्यात, चार ओळी:
शिदगोंडानं लंगोट खुंटीला लावला. गुडघा.

मी तालमीचा दिवाणजी.
अकरा वर्षं माझ्या वहीत वरच्या ओळीला एकच नाव,
शिदगोंडा, आणि खाली त्याच्याच मापानं सगळं:
गंगावेशीत डोळ्यांदेखत पिळलेलं सहा लिटर दूध,
बदाम, तूप, हौद्याला ताक, हळद, लिंबू,
बंडाच्या मानेचा घेर.
शिरोळकडचं कुणी बाजाराला आलं
की चहा पाजून विचारायचं,
"किती जोर काढतोय सध्या?"
तो चहासुद्धा वहीत.

पंच म्हणाले, दूध निम्मं करू.
समोर कोण नाही, मग बदाम कुणासाठी भिजवायचे?
इलाई वस्ताद चिमटीत तपकीर धरून बसले होते.
म्हणाले, "शिदगोंडा बरा होता रं.
कुठनं येणार, काय टाकणार, तोंडपाठ होतं.
आता येईल ते मिसरूड न फुटलेलं पोरगं.
किंवा दोन येतील,
एक गडहिंग्लजचं, एक पुण्याचं, एकाच महिन्यात.
दोघांना पुरेल एवढा बंडा ठेवायचा."
ते दोघं कोण, कुणी विचारलं नाही.

ठरलं: दूध पाऊण. बाकी आहे तसं.
शिदगोंडाच्या नावावर मी काट मारली
आणि शेजारी लिहिलं, 'इतर'.
महिनाअखेर दोनदा बेरीज केली.
चव्वेचाळीस रुपयांनी वाढली होती.

बंडा रोज पहाटे दोन-दोन पोरं अंगावर घेतो,
चितपट करतो, माती झटकतो,
आणि मधेच डावा पाय मागं ओढतो,
शिदगोंडा तिथनं पटात शिरायचा.
तिथं कुणी नसतं.
वस्ताद बघतात, पोरांना ओरडतात.

पुढच्या हंगामात त्याला घेऊन गुऱ्हाळावर गेलो.
काहिलीपाशी शिदगोंडा, काठी टेकून, पोट सुटलेलं.
हसला. काकवीची वाटी पुढं केली.
बंडानं वाटीच्या आधी
त्याचं मनगट धरलं, सवयीनं,
आणि सोडायचं विसरला.
दोघंही तसेच.
गुळव्या मागनं बोंबलत होता,
अरे उतरवा, पाक लागला, पाक लागला.