मिनिट एक्केचाळीस

टिळकवाडीत दुसऱ्या रेल्वे गेटाजवळ, झेरॉक्सवाल्याच्या माडीवर
आम्ही सातजण रात्रपाळीला बसतो.
कुणीतरी दुसऱ्याचं आपलं म्हणून चढवलेलं असतं,
ते उतरवायचं की ठेवायचं, एवढंच काम.
एका तक्रारीला चार मिनिटं.
मला मराठी येतं, कानडी येतं, कोंकणी समजते,
म्हणून या पट्ट्यातलं सगळं माझ्याच रांगेत येऊन पडतं:
निपाणीच्या वरातीतलं बँडपथक,
गोकाकच्या धबधब्याचे उचललेले फोटो,
खानापूरच्या एका बाईची पाककृती,
तिच्या जावेनं स्वतःच्या आवाजात वाचलेली.

परवाची तक्रार कानडीत होती.
तक्रारदार शिवलिंगप्पा मुगळी, वय एकाहत्तर,
मुगळी साउंड सर्व्हिस, काकती.
चढवणारा ऋतुराज कणबरकर, कडोली.
ऐवज: यात्रेतलं मराठी नाटक, साल शहाऐंशी,
दोन तास सहा मिनिटं,
चित्र एकच, देवळाचं, हलत नाही.

मालकी कशी सिद्ध कराल, असा एक रकाना आहे.
लोक तिथं पावती जोडतात, करारनामा जोडतात,
काहीजण आधार कार्ड.
मुगळींनी लिहिलं होतं, मिनिट एक्केचाळीस ऐका.

ऐकलं.
सरदाराच्या कामात लुमाण्णा कणबरकर, चढवणाऱ्याचा आजा,
तलवार उपसून फितुराला विचारतोय,
बोल, किती मोहरांना विकलास गड?
फितूर तोंड उघडायच्या आत
कर्ण्यातून कानडी वळणाचं मराठी येतं:
लाल झगा घातलेलं लेकरू स्टेजमागं रडाय लागलंय,
कुणाचं हाय त्यांनी घेऊन जावा.
मग खोकला. दोनदा.
मग टाळ्या, लेकराला की सरदाराला कळत नाही.
तो तोवर तलवार वरच धरून उभा असणार,
कारण त्याचं पुढचं वाक्य
हाताला कळ लागल्यासारखं येतं.

खोकला माझा, मुगळींनी लिहिलं होतं.
टेप माझी, यंत्र माझं, त्या रात्री थंडी होती.

ऋतुराजचं उत्तर मराठीत, एका दमात:
आवाज माझ्या आज्ज्याचा आहे कॅसेट आमच्या ट्रंकेत मिळाली
यात दुसऱ्याची मालकी कशी काय हो मॅडम.
मी मॅडम आहे हे त्याला कुणी सांगितलं, कोण जाणे.

नाटक लिहिलं होतं गावच्या शाळेतल्या गुरुजींनी.
त्यांच्या वतीनं कुणाची तक्रार नाही.
त्या लेकराचीही नाही.

शेवटचा रकाना, आपली मागणी.
पर्याय तीन: काढून टाका, अडवून ठेवा,
जाहिरातीचे पैसे मला द्या.
मुगळींनी तिन्ही कोरे सोडले होते
आणि खाली एकच शब्द लिहिला होता,
हेसरु.
म्हणजे नाव.

नावाला आमच्याकडं बटण नाही.
साडेतीन मिनिटं होऊन गेली होती.
मी काढून टाका दाबलं, नियम तिकडंच झुकतो,
आणि ऋतुराजच्या नोटिशीत एक ओळ घातली,
त्यांचं नाव देऊन बघा.
असं लिहायचं नसतं आम्ही.

तिसऱ्या दिवशी नाटक परत वर.
खाली श्रेय: ध्वनिमुद्रण, शिवलिंगप्पा मुगली.
चौथ्या दिवशी काकतीहून नवी तक्रार.
पुरावा नाही, मिनिट नाही, एवढंच की
माझ्या आडनावात ळ आहे.

इथं पाट्यांवरच्या अक्षरांना डांबर फासलेलं बघत वाढलेय मी.
हसू आलं तरीही.
मग आठवलं, शाळेच्या दाखल्यावर मी हलगेकर,
रेशन कार्डावर हालगेकर,
आणि पगाराच्या चिठ्ठीवर सहा वर्षं
कुणी हल्लीकर नावाची बाई माझे पैसे घेते.
एकदाही तक्रार केली नाही.

बाकी होती एक मिनिट दहा सेकंदं.
ऋतुराजला लिहिलं:
मोबाईलवर ल दाबून जरा वेळ धरून ठेवा.
बोट लगेच उचलू नका.
ळ वर येतो.